पोळ्याचा ढेकर

ढेकर आपण सगळेच देतो. आबा तो अर्पण करायचे. ताट सरकवून छातीवर हात ठेवायचे आणि असा लांबलचक सोडायचे, की ओट्यावरची कोंबडी उठून दुसरीकडे जाऊन बसायची. मग नावं घ्यायला सुरुवात. "गहू मन्ह्या वावरना. दूध ढवळीनं. आन् हात..." असं म्हणून चुलीकडे बघायचे. तिथून त्यांच्या बायकोचा, आमच्या जिजींचा, आवाज यायचा, "बस झायं. गुरुजी हासी ऱ्हायनात."

गुरुजी म्हणजे मी. सारंगखेड्याजवळच्या त्या तापीकाठच्या गावात शाळेवर नेमणूक झाली आणि आबांच्या घराला लागून असलेली खोली मिळाली. भिंत इतकी पातळ, की आबा काय जेवले ते मला ढेकरावरून कळे. हसू नका, पिठल्याचा आणि पुरणाचा ढेकर वेगळा असतो.

एका वर्षी केळी भरभरून आली. त्या पोळ्याला आबांनी मला जेवायला बसवलं. खापरावरच्या पुरणपोळ्या, कटाची लालभडक आमटी, म्हणजे तिकडची रशी, वर तूप. त्या दिवशीच्या ढेकरानंतर बैलांपासून खापर घडवणाऱ्या कुंभारापर्यंत सगळ्यांची नावं झाली.

पुढच्या पावसाळ्यात तापी वर चढली. केळीचं वावर गेलं, दोन्ही बैलही गेले. जिजींनी त्यांना वासरं असल्यापासून वाढवलं होतं. त्यांनी बोलणंच टाकलं. रेशनच्या लाल ज्वारीची भाकरी वाढायच्या, स्वतःची आबांच्या ताटात टाकून उठायच्या. बांगड्या कोपराकडे चढू लागल्या. आबांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

एका दुपारी मी शेवग्याच्या शेंगा द्यायला गेलो. आबांनी कोरडी भाकरी संपवली, छातीवर हात ठेवला आणि चक्क पुरणाचा ढेकर दिला.

"आजना नई शे, गुरुजी. हाऊ पोयाना शे," आबा म्हणाले. "त्या दिन एक नाव लेवानं ऱ्हाई गयं. कढीनं. काय कढी व्हती!"

जिजी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. तिकडूनच आवाज आला, "कढी नव्हती."

"व्हती."

"पोयाले कोन कढी करस? रशी व्हती."

"मंग सांग, काय टाकेल व्हतं तीमा?"

जिजी वळल्या. खोबरं, भाजलेला कांदा, पुरणाचं पाणी असं एकेक सांगता सांगता टोपल्यातली भाकरी मोडून खाऊ लागल्या. आबांनी मला डोळा मारला.

मग हे रोजचंच झालं. सारंगखेड्याची जत्रा आली नि गेली, तरी कढीचा निकाल लागेना. शेवटी माझी साक्ष काढली. मी मास्तर असून बेधडक सांगितलं, कढीच होती. जिजींनी माझ्याशी अबोला धरला. पण त्या रागात भाकरी मात्र पोटभर खाल्ली.

पुढे वावर सावरलं, नवे बैल आले, माझी बदली नवापूरकडे झाली. काही वर्षांनी आबा गेल्याचं कळलं. भेटायला गेलो तर जिजींनी भाकरी आणि ठेचा वाढला, माझ्या आग्रहाखातर स्वतःही बसल्या. ही बाई चारचौघांत कधी मोठ्याने हसलीसुद्धा नव्हती. जेवण झाल्यावर तिने छातीवर हात ठेवला आणि लहानसा ढेकर दिला.

"पोळ्याचा?" मी विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान डोलावली. मग रिकाम्या ओट्याकडे बघत म्हणाल्या, "आन् गुरुजी, त्या दिन कढीच व्हती."