जा बाई, सासरी जा

आमच्या शेजारचे काका बेसबॉल खेळायचे, असं कॉलेजात सांगितलं की मैत्रिणी हसायच्या. "क्रिकेट म्हणायचंय ना तुला?" नाही, बेसबॉलच. जळगावात असताना ते जिल्ह्याच्या संघाचे पिचर होते, म्हणजे बॅटवाल्याकडे चेंडू फेकणारे. शारजात आल्यावर हमरिया फ्री झोनमधल्या एका गोदामात स्टोअरकीपर झाले आणि तिथल्या फिलिपिनो कामगारांनी त्यांना आपल्या टीममध्ये ओढलं.

रविवारी सकाळी आम्ही बिल्डिंगमधले सगळे बघायला जायचो. काकांच्या एका पायात भगवा मोजा, दुसऱ्यात हिरवा. फेकण्याआधी ते चेंडू कानाशी धरून त्याचं काहीतरी ऐकून घ्यायचे आणि मग मोठ्याने म्हणायचे, "जा बाई, सासरी जा!" मागे ग्लोव्ह घेऊन बसलेला कॅचर ही सासू. मध्ये उभा बॅटवाला हा आगाऊ दीर. "या भावजी, नाश्ता झाला ना? आता वारा खा!" त्याला अक्षर कळायचं नाही, तरी हसायचा आणि चुकायचा. कॅचर तर स्वतःच "जा बाई!" ओरडायला शिकला होता.

मग त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. एमआरआयचा रिपोर्ट आला. डॉक्टरांची अपॉइंटमेंट मंगळवारची होती आणि फायनल त्याआधीच्या रविवारी. काका रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. त्यामुळे व्हिसाचे कागद, बँकेची पत्रं, मजल्यावरचं सगळं अवघड इंग्रजी माझ्याकडे यायचं.

"वाच गं, कॉलेजवाली."

मी वाचलं. अर्धे शब्द मोबाइलवर शोधले. खांद्यातला स्नायू जवळजवळ तुटत आला होता. सर्जनला लवकर दाखवा, असं शेवटी होतं.

"काय म्हणतोय?"

आई चहा गाळता गाळता थांबली होती. मोठ्या माणसाच्या तोंडावर वाईट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. शिवाय आपल्या इंग्रजीची आपल्याला खात्री नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला कळलं होतं.

"सूज आहे काका. जरा विश्रांती घ्या म्हणतात."

"मग रविवारनंतर घेतो की!" म्हणाले आणि आईकडून दुसरा कप मागून घेतला.

फायनलच्या पाचव्या डावात चेंडू कॅचरच्या चार पावलं अलीकडेच पडला. "जा बाई!" कॅचर सवयीने ओरडला आणि मग ग्लोव्ह टाकून उठला. काका हात पोटाशी धरून उभे होते. चेहरा पांढरा पडला होता.

रिपोर्ट हातात असताना खेळलात कसे, म्हणून डॉक्टर रागावले. हे मला काकूंनी सांगितलं. "हे म्हणाले, मला वाचता आलं नाही, चूक माझीच." माझा उल्लेखही त्यांनी केला नव्हता.

ऑपरेशन झालं, पण हात खांद्याच्या वर जाईना. गोदामात सगळा माल वरच्या फळ्यांवर. कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही.

जळगावला परत जायच्या आठवड्यात ते नवा रिपोर्ट घेऊन आले आणि माझ्यासमोर बसले.

"वाच."

या वेळी मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. हात पूर्वीसारखा होण्याची शक्यता कमी आहे, हेही सांगितलं. मी थांबले की ते म्हणायचे, "पुढे."

शेवटी मी म्हणाले, "काका, मागच्या वेळी मी..."

"खलास, संपला तो विषय," ते म्हणाले. "आता वाचलंस ना? असंच वाचत जा. समोर कोणी का असेना."

मग डाव्या हाताने त्यांनी खिशातून चेंडू काढला. उजवा खिसा असल्यामुळे जरा वेळ लागला. मी मदत केली नाही. करावी की नाही, तेच कळेना.

"राहू दे तुझ्याकडे," ते म्हणाले. "हिला सासरी धाडणारं आता कोणी नाही."