स्लीव्ह की बायपास : एका पोटासाठी खारघर, उलवे आणि पुणे

या ब्लॉगवर आजवर देवळांच्याच सहली लिहिल्या. कुठे उतरलो, नैवेद्याला किती दिले, कुठल्या भक्तनिवासात गरम पाणी मिळतं. यावेळची सहल डॉक्टरांच्या दारची आहे. तीन ठिकाणं, चार दिवस, आणि डोक्यात सतत एकच प्रश्न, माझ्या पोटाचं नेमकं काय करायचं. ज्यांना हाच प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी लिहिते. आणि खरं सांगायचं तर राग आलाय, तो कुठेतरी उतरवायचा म्हणूनही लिहिते.

सुरुवात गुडघ्यांपासून. माझं वय त्रेपन्न, वजन एकशे चौदा किलो, आठ वर्षं साखर. तीन वर्षं झाली, देवासमोर पाटावर बसता येत नाही. देव्हारा खालून काढून ओट्यावर ठेवला आणि उभ्यानं पूजा करते. ज्या देवाला तीस वर्षं मांडी घालून स्नान घातलं, त्याच्यासमोर आता दुकानात उभं राहावं तशी उभी राहते. हे मला खुपतं, बाकी कुणाला काय वाटेल ते वाटो. पनवेलच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "गुडघे बदलायला हवेत, पण आधी वजन. शंभरच्या खाली आणा, मग या." मी म्हटलं, कसं आणू? तर म्हणाले, "तोंड आवरा." शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांचा चेहरा असा झाला की हसू दाबतायत हे कळत होतं. बाहेर पडताना मात्र डॉक्टरांनीच कागदावर लिहून दिलं, वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेसाठी सल्ला घ्या.

पहिला मुक्काम, खारघर

पनवेलहून खारघरला बसनं गेलो. स्टॉपपासून रिक्षा केलीत तर मीटरवरच करा, तिथले लोक एकदम शंभर सांगतात. सेंटर म्हणजे काचेचं घर. आत थंडगार, सोफे इतके खोल की बसले तर उठवायला माणूस लागेल. वजनदार माणसांसाठी उघडलेल्या दवाखान्यात असे सोफे ठेवणाऱ्याला मी नमस्कार करते. भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. 'नंतर'च्या सगळ्या बायका जीन्स घालून उभ्या.

समोर आली ती एक तरुण मुलगी, हातात टॅब. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ह्यांच्याशी बोलायला लागली.

"काका, मॅडमसाठी स्लीव्ह बेस्ट राहील. पोटाचा मोठा भाग काढायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची. भूकच कमी लागते. तीन दिवसांत घरी."

मी म्हटलं, "बाळा, पोट माझं आहे. मला सांग."

"सॉरी काकू. मी सोप्या भाषेत सांगते हं."

"सोपी कशाला? मी दहावी पास आहे, नेहमीच्या भाषेत सांग. काढलेलं पोट परत लावता येतं?"

"परत कशाला लावायचं काकू?"

यावर ह्यांनी खोकल्याचं नाटक केलं. मी तिला सांगितलं, मला कित्येक वर्षं रात्री घशाशी आंबट येतं, छातीत जळतं. ती म्हणाली, "ते सगळ्यांनाच असतं, सर गोळी देतील." मी विचारलं, दुसरे प्रकार कुठले? तर म्हणे बायपास असतं, पण ते मोठं ऑपरेशन, खर्च जास्त. नाहीतर पोटात फुगा सोडतात, सहा महिन्यांनी काढतात, "ट्रायल म्हणून छान आहे." फुगा काढल्यावर वजन परत येतं का, हे विचारल्यावर तिनं टॅबवर बोट फिरवलं आणि म्हणाली, ते पेशंटवर असतं.

मग एक फॉर्म, दिवसभरात काय खाता. मी प्रामाणिकपणे लिहिलं. सकाळी चहा आणि दोन पोळ्या, दुपारी दोन पोळ्या, भाजी, आमटीभात, रात्री थोडा भात. गुरुवारी उपास. ती वाचून म्हणाली, "एवढंच?" आणि असं हसली की जणू मला खोटं बोलताना पकडलंय. मला इतका संताप आला की पेन तिथेच ठेवलं. देवाची शपथ, मी खरं लिहिलं होतं.

मोठे डॉक्टर आले, चार मिनिटं बसले. माझं पोट दाबूनसुद्धा पाहिलं नाही. पॅकेज तीन लाख साठ हजार, महिनाअखेरपर्यंत नोंदवलं तर वीस हजार सूट. घशातून दुर्बीण घालून पोटाची तपासणी? "ती बुकिंगनंतर." साडीच्या सेलसारखं पोटाचं सेल. मी ह्यांना म्हटलं, उठा. त्या सोफ्यातून मला उठवायला ह्यांना दोन्ही हात द्यावे लागले.

दुसरा मुक्काम, उलवे

दुसऱ्या दिवशी एकटीच उलव्याला गेले, कुंदाकडे. कुंदा आणि मी दहावीपर्यंत एका बाकावर. तिचं माहेर-सासर दोन्ही खाडीकाठचं, मासळीच्या धंद्यातलं. दोन वर्षांपूर्वी तिनं हीच स्लीव्ह करून घेतली, कुठे ते लिहीत नाही. विमानतळाच्या बाजूनं बस जाते, खिडकी बंद ठेवा, डंपरची धूळ थेट तोंडात येते. रस्ता दर महिन्याला बदलतो, त्यामुळे मोबाइलच्या नकाशापेक्षा कंडक्टरला विचारलेलं बरं.

कुंदा दारात उभी. निम्मी झालेली. मी बघतच राहिले.

"बगतेस काय? मीच हाय," ती म्हणाली. "आत ये, लिफ्ट बंद हाय, पन मी तीन माले चरून रोज मासली आनते. आदी एक जिना चरताना बसाला लागायचा."

"म्हणजे चांगलं झालं ना?"

"वजन उतरला, साखरेची गोली सुटली, ते खोटा नाय." तिनं मला आतली खोली दाखवली. पलंगावर भिंतीला टेकून चार उशा रचलेल्या. "पन उतानी निजाला मिलत नाय. पडली का आग घशापरत येते. दोन वरसा बसून झोपते मी."

"तुला आधी पित्ताचा त्रास होता?"

"होता ना. मना कोनी इचारलाच नाय. आता दुसरा डाक्टर बोलतो, परत कापू, बायपास करू. पयल्यांदाच इचारला असता तं एकदाच कापला असता ना?"

तिच्या नवऱ्यानं स्वयंपाकघरातून विचारलं, पाहुणीला काय करायचं. कुंदा ओरडली, "तिचा गुरवार हाय, चाय दे नुसता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुज्या देवाला सांग ना वजन उतरवाला. एवढे उपास करतेस, त्याला काय दिसत नाय?"

मी म्हटलं, त्याला दिसतं म्हणूनच त्यानं तुझ्याकडे पाठवलं. ती हसली, पण मला हसू येईना. परतीच्या बसमध्ये मी हिशोब लावला. माझ्याही घशाशी येतं. मीही सांगितलं होतं. आणि मला 'सगळ्यांनाच असतं' हे उत्तर मिळालं होतं. वीस हजारांच्या सवलतीला भुलले असते तर चार उशा माझ्याही पलंगावर आल्या असत्या.

तिसरा मुक्काम, पुणे

कुंदाच्या त्या दुसऱ्या डॉक्टरांनी तिला पुण्याच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं होतं. मी फोन केला तर तिथले लोक म्हणाले, मध्यरात्रीनंतर काही खाऊ-पिऊ नका, दुपारी दुर्बीण घालू. पहाटेची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, ह्यांना पूर्ण. पनवेलला बस भरूनच येते, तरी पहाटे जागा मिळते. माझ्या शेजारची बाई आधी स्वतःशी पुटपुटली, मग मोठ्यानं म्हणाली, "दीड सीट लागते यांना." मी म्हटलं, "बाई, अर्ध्या तिकिटात दीड सीट. सरकारला हिशोब विचारा." पुढच्या बाकावरचे दोघे फिसकन हसले. बाई घाटापर्यंत खिडकीतून बाहेर बघत होती. घाटात धुकं होतं, डोंगर सुंदर दिसत असणार, पण पोटात पाण्याचा घोट नाही आणि मनात भीती, त्यामुळे डोंगराचं वर्णन इथे मिळणार नाही. बस थांबते तिथला वडा चाळीस रुपयांना एक. घरून डबा न्या. ह्यांनी दोन वडे खाल्ले, माझ्यासमोर.

पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा ह्यांना सांगितलं, "तुम्ही जरा बाहेर बसा, मला यांच्याशी बोलायचंय." तिथेच माझा अर्धा राग उतरला. अर्धा तास बोलल्या. दुर्बिणीत दिसलं की पोटाचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातून वर सरकलाय आणि अन्ननलिका आंबटानं सोलवटली आहे. त्यांनी कागदावर दोन पोटं काढली. एक केळ्यासारखं. "यात आतला दाब वाढतो, तुमचं आंबट आणखी वर येईल." दुसऱ्यात अंड्याएवढी पिशवी आणि तिला खालचं आतडं जोडलेलं. "तुमची साखर आणि हे पित्त बघता मी बायपासच सांगेन. पण त्याचं ओझं जन्मभर आहे. लोह, कॅल्शियम, बी बारा रोज. गुडघ्यांसाठी त्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या बंद, पिशवीला जखम होते. गोड खाल्लंत की घाम, धडधड, चक्कर. आणि हे केलं म्हणजे सुटलात, असं नाही."

एवढं वाईट एका दमात ऐकून मला बरं वाटलं. कुणीतरी विकत नव्हतं.

हॉस्पिटलच्या आवारात नातेवाइकांसाठी साध्या खोल्या आहेत, तिथेच राहिलो. चादर स्वतःची न्या. दुसऱ्या दिवशी आहाराच्या बाई. पन्नाशीच्या, केस पांढरे, समोर वही. पुन्हा तोच प्रश्न, दिवसभरात काय खाता. मी तेच सांगितलं. दोन पोळ्या, दोन पोळ्या, थोडा भात. मनात म्हटलं, आता ह्याही हसणार.

त्या हसल्या नाहीत. पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "घरात उरलेलं कोण संपवतं?"

हे पंख्याकडे बघायला लागले.

"मीच," मी म्हटलं. "टाकवत नाही. अन्न टाकणं पाप."

"काल काय संपवलंत? नाही, काल प्रवास. एरवी?"

मग मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. ह्यांच्या ताटातली अर्धी पोळी, हे शेवटची पोळी नेहमी अर्धीच खातात. मुलाच्या डब्यात परत आलेली भाजी. कढईला चिकटलेला भात, त्यावर तूप, म्हणजे सुटतो. सायीच्या भांड्यात फिरवलेली पोळी. नैवेद्याच्या वाटीतलं गोड, प्रसाद म्हणून. शुक्रवारी सकाळी गुरुवारची उरलेली साबुदाण्याची खिचडी. पान भरलं तशी मी थांबले. यातलं काहीच मी जेवणात धरलं नव्हतं. माझ्या लेखी ते भांडी रिकामी करणं होतं. मी खोटं लिहिलं नव्हतं, आणि तरी फॉर्म खोटा निघाला.

बाई म्हणाल्या, "ऑपरेशननंतर पोट लहान होईल. उरणारं तेवढंच उरेल. मग कुठे घालाल?"

ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "टाकून देऊ, त्यात काय."

आणि तेव्हा मला जो राग आला तो चारही दिवसांतला सगळ्यात मोठा. त्यात काय? मग तीस वर्षं का नाही टाकलंत? टाकायचं नाही म्हणून माझ्यात टाकलंत. पण परक्या माणसांसमोर बोलले नाही. उपासांचं विचारलं, बाई म्हणाल्या, दिवसभर उपाशी आणि मग एकदम जेवण हे यापुढे जमणार नाही, दर दोन-तीन तासांनी थोडं खावंच लागेल. मी म्हटलं, मग गुरुवारी अन्नाऐवजी मौन धरीन. हे म्हणाले, "तेवढं नक्की कर." बाई हसल्या, मीही हसले, पण राग होता तिथेच होता.

घरी

ठरलं. बायपास, पुण्यालाच, संक्रांतीनंतर. खारघरपेक्षा चाळीस हजार जास्त जातील, जाऊ देत. तुम्ही जाणार असाल तर बुकिंगआधी दुर्बिणीची तपासणी मागा, पित्ताचा त्रास असेल तर तो फॉर्मवर लिहायला लावा, आणि तुमच्या नवऱ्याकडे बघून बोलणाऱ्या माणसाकडून पोट कापून घेऊ नका. मात्र सगळ्यांना बायपासच लागतं असंही नाही, माझं पोट पाहून माझं ठरलं.

कुंदाला फोन केला. ती म्हणाली, "मी पन येते पुन्याला, दाखवाला. तुज्या शेजारची खाट मना ठेवाला सांग."

त्या रात्री जेवण झाल्यावर ह्यांनी सवयीनं ताट माझ्याकडे सरकवलं. अर्धी पोळी, एका बाजूला घोटभर आमटी. माझा हात सवयीनं पुढे गेला, आणि थांबला. मी ती पोळी डब्यात ठेवली. सकाळी गरम पोळ्या केल्या, ह्यांचं ताट वाढलं आणि सगळ्यात आधी ती अर्धी पोळी ठेवली.

"हे काय?"

"तुमची कालची."

"अगं, शिळी आहे."

"अर्धीच आहे. अन्न आहे. आधी ती, मग गरम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं, आणि खाल्ली. चहात बुडवून, चावत, पाच-सात मिनिटं. मी ओट्याला टेकून बघत उभी होते. एका अर्ध्या पोळीला एवढा वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं. मी तर ती रोज उभ्यानं, भांडी उचलता उचलता संपवत आले होते.