सोनूबाईचा आवाज

वेसाव्यात सोनूबाई हाक मारते ती खाडीपलीकडे ऐकू जाते, असं तिचा नवराच म्हणायचा. पण कोळीवाड्याला लागून उभ्या राहिलेल्या नव्या सोसायटीत ती मांजरीच्या पावलांनी शिरे. पुढच्या फाटकावरचा गुरखा फेरीवाल्यांना सोडत नसे, म्हणून मागचा जिना. हळूच दार वाजवायचं, माशांची पाटी उतरवायची, कुजबुजत भाव करायचा. शेजारणीला कळू नये, ही प्रत्येकीचीच इच्छा.

त्याच जिन्यावर संध्याकाळी तिची मुलगी कमळ सोसायटीतल्या मुलींबरोबर अभ्यासाला बसायची. दोन्हीकडची मुलं एकाच मराठी शाळेत, आणि सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार यांची मुलगी क्षमा कमळच्या बाकावर. सातवीत गणितात आपटलेली कमळ या मुलींच्या नादाने वर आली आणि आता दहावीला होती. घरी एकच खोली. तिच्यात जाळी, भावंडं आणि रेडिओ. जिना गेला की पोरीची दहावी गेली, हे सोनूबाईला स्वच्छ दिसत होतं.

आणि सोसायटीने मागच्या बाजूला भिंत घालायचं काढलं. वास येतो, मुलं शिव्या शिकतात.

सभेला सोनूबाई न बोलावता गेली.

"तुम्ही मेंबर नाही," नंदकुमार म्हणाले.

"नाय ना. म्हनून तर उभी हाय. बांदा भिंत, नको कोन म्हनतंय? फकस्त मना जिना चढता येनार नाय. मंग पल्याडूनच वरडून इचारीन, कोनाला कोलंबी, कोनाला बोंबील. एकेकीचं नाव घेऊन."

नंदकुमारांचे वडील, अण्णा, गोंधळले. "पण आपल्या इमारतीत मासे घेतं कोण?"

नंदकुमारांच्या बायकोने, सुहासिनीने, पदर सारखा केला. "भिंतीत एक दार ठेवलं तर? मुलांना शाळेतून यायला जवळ पडेल."

"मुलांसाठी हवंच," वरच्या मजल्यावरची कुंदा घाईने म्हणाली. बघता बघता सगळ्यांनाच मुलांची काळजी वाटू लागली.

भिंत झाली, दारही झालं. कडी कोणत्या बाजूने लावायची यावर सभांमागून सभा भांडण्यात गेल्या, आणि कडी काही बसली नाही.

दार झालं त्या पहिल्याच संध्याकाळी कमळ वह्या घेऊन त्यातून जिन्याकडे गेली. सोनूबाई अलीकडे उभी राहून ऐकत होती.

"किती उशीर गं? प्रमेय अडलंय माझं," क्षमा म्हणाली.

"तुझं कधी अडत नाही? सरक तिकडे."

"आधी माझा कंपास दे."

"काल तूच नेलास ना, बावळट."

पोरी भांडायला लागल्या म्हणजे अभ्यास सुरू झाला, एवढं सोनूबाईला कळत होतं.