कुलगुरूमामांचे स्वच्छ हात

“म्हातारा हलका हाय रं, पन पेट्या बग!”

गुडघाभर पाण्यात उभा असलेला खारवी आपल्या जोडीदाराला हळूच सांगत होता. आगबोट बाहेर समुद्रात थांबली होती, उतारूंना आणणारा पडाव किनाऱ्याला टेकत होता, आणि तो म्हातारा म्हणजे माझे मामा त्याच खारव्याच्या खांद्यावर बसलेले होते. त्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला. ते वरूनच म्हणाले, “पेट्यांत पोरांच्या चुका आहेत, बाबा. त्या जडच असायच्या.” खारवी इतका हसला की मामा पाण्यात पडायचे राहिले. मी तेव्हा बारा वर्षांची, आईच्या मागे वाळूत उभी होते. मोठा माणूस असा असतो, असं मला त्या दिवशी वाटलं. ते वाटणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांच्यावरचा माझा राग अजून जात नाही.

मामा उत्तरेकडच्या एका विद्यापीठाचे कुलगुरू होते. मे महिन्यात आणि दिवाळीला रत्नागिरीस येत. पेट्यांत खरोखरच उत्तरपत्रिका असत. नापास झालेल्या ज्या मुलांनी अर्ज केलेले असत, त्यांचे कागद ते सुट्टीत स्वतः पुन्हा वाचत. कुठे अर्धा गुण राहून गेला असेल तर तो शोधून काढत आणि सापडला की लहान मुलासारखे खूश होत. “गोदे, एक जीव वाचला!” असं ओटीवरून ओरडून माझ्या आईला सांगत. ती आतून म्हणे, “आता जेवायला ये, म्हणजे दुसराही वाचेल.”

माझे वडील मुंबईत कस्टमात होते. ते गेल्यावर आई मला घेऊन मामांच्या घरी राहायला आली. मी मुंबईत इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं मराठी अडखळत असे, गल्लीतल्या मुली मला ‘मडम’ म्हणत, म्हणून मी बोलणंच टाकलं. पाहुणे विचारत, “मुकी आहे का हो?” त्यावर मामा म्हणाले, “तिला ऐकता येतं. ते फार थोड्यांना येतं.” हे वाक्य मी कित्येक दिवस जपून ठेवलं होतं. त्याच सुट्टीत त्यांनी मला आपली लेखनिक केलं. पहाटे स्वतःचं धोतर स्वतः धुऊन वाळत घातलं की ते झोपाळ्यावर बसत आणि मी खाली पाटावर. ते सांगत, मी इंग्रजी पत्रं लिहीत असे. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे, हा त्यांचा नेम होता.

सुट्टीतही त्यांचा पाय घरात ठरत नसे. बैलगाडी करून, खाड्या तरीतून ओलांडून ते केळशीपासून सावर्ड्यापर्यंतच्या शाळा बघत हिंडत आणि मला कागददौतीसह बरोबर नेत. शाळेत गेले की स्वागताचं पद्य ते पहिल्या कडव्यालाच थांबवत. मुलांना एकच प्रश्न विचारत, “आज तुझं काय चुकलं?” मास्तर घाबरत. आंजर्ल्याला परकर नेसलेली एक काळीसावळी मुलगी उभी राहून म्हणाली, “माझं कायपण नाय. गुरुजींचा गुणाकार चुकला, तो मी सांगितला.” गुरुजींचा चेहरा उतरला. मामांनी आपली पेन्सिल त्या मुलीला दिली आणि गुरुजींची पाठ थोपटली. “पोरगी तुम्हाला भ्यायली नाही, म्हणजे तुम्ही चांगलं शिकवताय.” परतताना गाडीत ते मला म्हणाले, “बाय, अशा दहा मुली कॉलेजात पोचल्या तर मी सुखानं मरेन.” त्या दहांत मी होते, असं मी धरून चालले होते.

मामांचा दुसरा नेम आंब्यांचा. मे महिना म्हणजे निकालांचा महिना. कुणाचा मुलगा परीक्षेला बसलेला असे, कुणाचा पुतण्या नोकरीच्या शोधात. हापूसच्या पेट्या दारात येत. मामा हात लावत नसत. “परत पाठव,” एवढंच म्हणत. परत पाठवायचं म्हणजे काय, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. आई गड्याच्या डोक्यावर पेटी देऊन उन्हातून स्वतः त्या त्या घरी जाई, कारण नुसत्या गड्याबरोबर पाठवलं तर अपमान दिसला असता. तिथे बायका तिला ऐकवत, “आमच्या आंब्यांना किडे आहेत होय, गोदूताई?” ती हसून वेळ मारून नेई आणि येताना बाजारातून आंबे विकत आणी. “रत्नागिरीत राहून विकतचे आंबे खाणारं हे एकच घर,” ती रस काढताना पुटपुटे. मामा रसाची वाटी तोंडाला लावून म्हणत, “पण गोड लागतात की नाही?” सगळे हसत. मीही हसत असे. हेलपाटे आईचे आणि नाव मामांचं, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी ते सुचलं. जिल्ह्यात इंग्रजीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला एका व्यापाऱ्याच्या निधीतून कॉलेजची शिष्यवृत्ती मिळत असे. मुलगा की मुलगी, अशी अट नव्हती. शाळाच नावं कळवत असे, अर्ज करावा लागत नसे. मी पहिली आले. आईने देवापुढे साखर ठेवली आणि माझ्यासाठी नवी ट्रंक आणायचं बोलू लागली. निधीच्या समितीचे अध्यक्ष मामा होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे झोपाळ्यावर बसले, मी पाटावर. त्यांनी पत्र सांगायला सुरुवात केली. समितीच्या चिटणिसांना होतं. ‘यादीतलं पहिलं नाव माझ्या भाचीचं आहे, सबब ते काढून टाकावं आणि दुसऱ्या उमेदवाराला शिष्यवृत्ती द्यावी.’ मी लिहीत गेले. एकही शाईचा डाग पडला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. संपल्यावर ते म्हणाले, “वाचून दाखव.” मी वाचून दाखवलं. त्यांनी एक शब्द बदलला, सही केली आणि पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं.

पत्र मिळताच, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चिटणीस धावत आले. “नाना, नियमात असं काही नाही हो! मुलीनं मिळवलंय ते.”

“नियमात नाही, म्हणूनच आपण पाळायचं,” मामा म्हणाले. “उद्या कुणी बोट दाखवायला नको.”

“आणि तिचं काय?”

“घरची आहे. तिला मी शिकवीन.”

त्यांनी शिकवलंही, सुट्टीत, सवड मिळेल तेव्हा. नाटकं वाचून घेतली, निबंध तपासले. बाकीचे दहा महिने ते तिकडे असत आणि मी इकडे. त्यांच्या बिऱ्हाडी चार परके विद्यार्थी राहून शिकत होते. आई एकदाच म्हणाली, “हिलाही ने की तुझ्याकडे.” ते म्हणाले, “कुलगुरूच्या घरची मुलगी त्याच्याच विद्यापीठात? लोक काय म्हणतील?” परक्याचा अर्धा गुण शोधायला पेट्या वाहून आणणाऱ्या माणसाने माझे अख्खे गुण टपालात टाकले, तेही माझ्याच हाताने.

सावर्ड्याच्या ज्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली, त्याच्याविषयी माझ्या मनात काही नाही. तो हुशार होता, पुढे डॉक्टर झाला. माझं मन उठलं ते पुढच्या गोष्टीने. गावात ही हकीकत पसरली आणि पसरताना बदलली. आधी लोक म्हणत, ‘भाचीचं नाव स्वतः काढलं.’ मग, ‘भाचीनं अर्ज केला होता, तो फेटाळला.’ दोन-तीन वर्षांत, ‘भाची मामाच्या वशिल्यानं शिष्यवृत्ती घ्यायला निघाली होती, पण नाना बधले नाहीत.’ मी मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले तेव्हा एक पालक हसत म्हणाले, “इथे वशिला चालला वाटतं?” मामांसमोरही ही गोष्ट निघे. ते मान खाली घालून, थोडं हसून, विषय बदलत. लोकांना तो विनय वाटे.

शाळेत मी रोज मुलींना विचारते, “आज तुझं काय चुकलं?” दुसरं काही विचारायला मला सुचतच नाही. मामा माझ्यात एवढे मुरलेले आहेत.

ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा गावाने सत्कार केला. त्यानंतर वर्षभरातच ते गेले. सत्काराला वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. आई आणि मी बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत बसलो होतो. एका वकिलांनी भाषणात तीच गोष्ट सांगितली, वशिल्यासकट. टाळ्या झाल्या. आईने माझा हात धरला. मामा उत्तराला उभे राहिले. आवाज थकला होता. आता तरी ते दुरुस्त करतील, असं मला वाटलं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, त्याला ही दिसली नसेल का?

ते म्हणाले, “वकीलसाहेबांनी सांगितलं त्यात माझा मोठेपणा काही नाही. मोठेपणा असलाच तर त्या मुलीचा. ती इथेच बसली आहे. आजतागायत तिनं त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही.”

पुन्हा टाळ्या. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एवढ्या लोकांनी माझ्याकडे एकदम कधी पाहिलं नव्हतं. आईने हात घट्ट दाबला, “बस गो, बस,” म्हणाली, तेव्हा मला कळलं की मी उभी राहिले आहे. टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले. मामा माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

“मामा,” मी म्हणाले, “मी पहिली आले होते. ते सांगा ना ह्यांना.”