खडवलीच्या पुड्या

खडूला वजन असतं, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवते आहे. फळ्यावर वर्तुळ काढायला हात वर केला की दंडात शिसं ओतल्यासारखं व्हायचं. अर्धं वर्तुळ झालं की काहीतरी खाली पडलंय असं दाखवून मी वाकायचे आणि टेबल धरून थोडा वेळ तशीच राहायचे. सातवीच्या मुलांना ते कळत होतं. एकदा पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "बाई, पुढचं मी काढू?" म्हणाली. तिने काढलं, छान काढलं. मी खुर्चीत बसून पाहत राहिले आणि मला रडू येईल की काय अशी भीती वाटली.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडला टेकून मी रोज थांबायचे. झोप आठ-आठ तास व्हायची, पण सकाळी डोळे उघडले की आदल्या दिवशीचा थकवा तसाच अंगावर बसलेला. मळमळ. एकदम उभं राहिलं की अंधारी. वजन आपोआप उतरत होतं, तर सोसायटीतल्या बायका विचारायच्या, "कुठलं डाएट करता हो?"

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, साखर बघितली. "सगळं नॉर्मल आहे. या वयात बायकांना होतं असं," म्हणाले. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, डी व्हिटॅमिन झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या. मग कल्याणला एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "घरी काही टेन्शन?" मी नाही म्हटलं. त्यांनी मन शांत ठेवायची गोळी लिहून दिली. ती घेऊन मी आणखीच गळून गेले.

नॉर्मल या शब्दाने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या शिवीने केलं नसेल. सुरुवातीचे तीन-चार महिने माझ्या नवऱ्याने सकाळचा चहा केला, भाजी चिरून दिली. मग रिपोर्ट नॉर्मल येत गेले तसा त्याचा चेहरा बदलत गेला. एका रविवारी मी आतल्या खोलीत आडवी होते. बाहेर तो फोनवर त्याच्या बहिणीशी बोलत होता. "तिला काहीही झालेलं नाही गं. कंटाळा आलाय घरकामाचा, दुसरं काय. आता नाटकं चाललीत." आवाज हळू होता, पण आमच्या घरात हळू बोललेलंही सगळीकडे ऐकू येतं. मी उठून जाब विचारायला हवा होता. उठायची ताकद नव्हती. भिंतीकडे तोंड केलं आणि पडून राहिले. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवसापुरतं मला वाटलं, चढवला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसांत मला आधार होता तो एकाच बाईचा. शाळेतली माझी मैत्रीण. ती मराठी शिकवते, राहते कल्याणला, माहेर खडवलीचं. सतरा वर्षं आम्ही एका डब्यातलं खातोय. मला चक्कर आली की माझा तास ती घ्यायची. माझ्या पाठीवरून हात फिरवायची. "अगं, योगा कर थोडा. सकाळचं ऊन घे. होईल सगळं नीट," म्हणायची. घरी कुणी विश्वास ठेवत नव्हतं तेव्हा ती ठेवत होती, म्हणून मला ती देवासारखी वाटायची.

अकरा महिने असे गेले. शेवटी माझ्या लेकीने, ती तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, बाबांशी भांडून मला ठाण्याला हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी माझं ब्लडप्रेशर आधी झोपवून घेतलं, मग उभं करून घेतलं आणि आकडा पाहून थांबल्या. नंतर विचारलं, "गेल्या दोन-तीन वर्षांत कुठलं चूर्ण, काढा, पुड्या असं काही घेतलंत?"

मी नाही म्हणणार होते. खरंच. कारण ते औषध आहे असं मी कधी धरलंच नव्हतं. लेक म्हणाली, "आई, खडवलीच्या पुड्या?"

त्याची गोष्ट अशी. अडीच वर्षांपूर्वी माझी बोटं आणि गुडघे धरले होते. संधिवाताची सुरुवात, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा मैत्रिणीने सांगितलं, आमच्या गावात एक वैद्य बसतात, मी स्वतः घेते, पूर्ण जडीबुटी, काही अपाय नाही. ती माहेरी गेली की दोघींच्या पुड्या घेऊन यायची. राखाडी पूड, मधातून, सकाळी एक. चौथ्या दिवशी मी जिने धावत चढले. दीड वर्ष घेतली. त्या दीड वर्षात मी शाळेच्या सहलीत मुलांबरोबर मलंगगड चढले, गॅदरिंगला नाचले, दिवाळीचा सगळा फराळ एकटीने केला. भूक लागायची, गाल वर आले. सगळे म्हणायचे, तब्येत काय सुधारलीय! मलाही वाटायचं, चाळिशीनंतर खरं आयुष्य सुरू होतं म्हणतात ते हेच. मग एक दिवस मैत्रीण म्हणाली, वैद्य गाव सोडून गेले. पुड्या बंद झाल्या. दोन आठवड्यांत मी पडले. पण या दोन गोष्टी मी कधी एकमेकींना जोडल्याच नाहीत. मी, गणिताची बाई.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ते बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं. मग पुडी अचानक बंद झाली की तुमच्याजवळ काहीच उरत नाही. ही शक्यता आहे. खात्री तपासणीनंतर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता रक्त दिलं. कॉर्टिसॉल नावाचं जे हार्मोन माणसाला सकाळी उठवतं, ते माझ्यात जवळजवळ नव्हतंच. आणखी एक इंजेक्शन देऊन पुन्हा तपासलं, तेच उत्तर. नवऱ्यासमोर मी तो कागद ठेवला. त्याने दोनदा वाचला. चष्मा काढला. "मला वाटलं..." म्हणाला. मी त्याला पुढचं बोलायला मदत केली नाही.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी विचारलं होतं, एखादी पुडी शिल्लक असेल तर तपासून घेता येईल. माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी कल्याणला मैत्रिणीकडे गेले. तिला सावध करायचं हेही मनात होतंच. तीसुद्धा तेच घेत होती ना.

तिने पोहे टाकले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं सांगितलं. स्टिरॉइड, तपासणी, आकडे. ती कढईत उलथनं फिरवत राहिली. मान वर केली नाही.

"एखादी पुडी आहे का गं तुझ्याकडे जुनी?"

"नाही. मी कधीच बंद केल्या."

"हो, वैद्य गेल्यावर. पण एखादी..."

"त्याच्या आधी."

"आधी म्हणजे?"

तिने गॅस बंद केला. "सात-आठ महिने आधी. सुनेने बंद करायला लावल्या."

तिची सून औषधांच्या दुकानात काम करते. तिने सासूचा सुजलेला चेहरा पाहून एक पुडी कुठेतरी तपासायला पाठवली होती. त्यात स्टिरॉइड निघालं. मग डॉक्टरांनी मैत्रिणीला एकदम बंद करू दिलं नाही. गोळ्या देऊन, मोजून मापून, सहा महिन्यांत हळूहळू उतरवलं. म्हणजे एकदम बंद केलं तर काय होतं हे तिला माहीत होतं. तोंडपाठ माहीत होतं.

"पण तू मला आणून देत होतीस," मी म्हटलं. "त्या सात-आठ महिन्यांत. दर महिन्याला. तुझ्या पिशवीतून."

"तू मागायचीस."

"मी मागायचे?"

"अगं, तू किती खूश होतीस तेव्हा! मला वाटलं, तुला सोसतंय." मग ती रडायला लागली. "वैद्य माझ्या भावाच्या ओसरीवर बसायचा. गावात कळलं असतं तर भावाचं नाव गेलं असतं. सून म्हणाली, आई, सांगा त्यांना. मी रोज ठरवायचे, आज सांगते. मग तू आजारी पडलीस, आणि मग तर कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

"अकरा महिने तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास."

पोहे तसेच राहिले. मी चपला घातल्या. खाली उतरून रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, याचं मला आश्चर्य वाटलं.

त्यानंतर मला जे दुःख झालं ते फक्त तिच्याबद्दलचं नव्हतं. ते मलंगगडाचंही होतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं म्हणून जपलेलं दीड वर्ष, ती नाचणारी, हसणारी बाई, ती मी नव्हतेच की काय? पुडीच नाचत होती? हे कुणाला सांगावं कळेना. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, गड पायांनीच चढलीस ना?" बरोबर आहे तिचं. पण मला ते पुरलं नाही.

नवऱ्याशी बोलणं हळूहळू सुरू झालं. त्या रविवारचा फोन मी ऐकला होता हे मी त्याला सांगून टाकलं. त्याने बहिणीला माझ्यासमोर फोन लावून सांगितलं की मी चुकीचं बोललो होतो. त्याला जमलं ते त्याने केलं. मैत्रिणीशी मात्र मी आता वेळापत्रकापुरतंच बोलते. तिने दोनदा चिठ्ठी दिली. दोन्ही वाचल्या. उत्तर दिलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या होत्या की तक्रार करायची तर जागेचा नीट पत्ता लागेल. म्हणून गोळ्यांनी थोडी ताकद आल्यावर मी आणि लेक खडवलीला गेलो. मैत्रिणीच्या भावाच्या घराला कुलूप होतं. ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. आम्हाला पाहून त्यांनीच विचारलं, "वैद्यबुवा येत्यात का आज?"

"ते गेले, बाबा. वर्ष होऊन गेलं."

"माझी ही तिसरी खेप. टिटवाळ्यावरनं येतो. त्यांची पुडी होती तवर सायकल चालवत होतो मी. आता संडासाला जायचं तरी भिंत धरावी लागती. पोरगं म्हणतं, वय झालं."

मी त्यांच्या शेजारी ओसरीवर बसले आणि सगळं सांगितलं. पुडीत काय होतं, ते का पडले, मी का पडले.

"तुम्ही डॉक्टरीणबाई का?"

"नाही. शाळेत गणित शिकवते."

"मग तुमचं चुकत असेल, बाई. देवमाणूस होता तो."

लेकीने वहीचं पान फाडलं. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: सकाळी आठ वाजता, कॉर्टिसॉल. खाली लेकीचा नंबर. म्हटलं, "हे घरी दाखवा. पुडीचंही सांगा. न लाजता सांगा." त्यांनी पान चार घड्या करून टोपीत ठेवलं. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"बाई, पण तशी पुडी दुसरीकडे कुठं मिळती का हो?"

लेक चिडली. मी नाही चिडले. कारण त्या क्षणी कुणी माझ्या हातात ती राखाडी पूड ठेवली असती तर मी काय केलं असतं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

तक्रार आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे केली. पुढे काय झालं ते कळलेलं नाही. तीन आठवड्यांनी लेकीच्या फोनवर एका बाईचा फोन आला. आजोबांची सून. टोपी धुवायला घेतली तेव्हा तिला तो कागद सापडला होता. तिने सासऱ्यांना नेऊन तपासणी केली होती आणि रिपोर्ट फार कमी आला होता. "आम्ही सगळे त्यांना आळशी म्हणत होतो हो," ती म्हणाली. मग तिने ठाण्याच्या डॉक्टरांचा पत्ता विचारला. लेकीने फोन माझ्याकडे दिला. मी सावकाश, दोनदा पत्ता सांगितला, आणि तिने तो मला परत वाचून दाखवला.