अण्णांच्या डोक्यातलं नेटवर्क

जुनी केबल आम्ही नेटवर्कवाले कधी फेकत नाही. उपयोगी पडेल म्हणून खणात टाकतो, आणि एक दिवस खण बंद होईनासा होतो. अण्णांच्या किश्शांचं तसंच झालंय. कॉफीला चार जण जमले आणि एक ओढला, की त्याला गुंतून मागचे पाच बाहेर येतात.

अण्णा राजाजीनगरातल्या आमच्या शाळेचं कॉम्प्युटर नेटवर्क सांभाळायचे. घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं. मराठी घरापुरतं, बाहेर सगळं कन्नड. मार्चअखेर निवृत्त होऊन ते पुण्याला लेकीकडे जाणार होते. तिन्ही इमारतींचं वायरिंग त्यांच्या डोक्यात होतं, कागदावर एक रेघही नव्हती. ते जायच्या आत नकाशा व्हावा म्हणून शाळेनं मला घेतलं.

मी नॉर्वेत शिकून नुकतीच परतले होते. पहिल्याच दिवशी भाषण ठोकलं. नेटवर्क तपासायची उत्तम साधनं फुकट मिळतात, त्यांचा कोड कुणीही वाचू शकतो, मग शाळेनं एकाच माणसावर का अवलंबून राहायचं? ज्ञान सगळ्यांचं हवं!

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो एक माणूस म्हणजे मीच की, अक्का?"

मी त्यांच्या लेकीहून लहान. पण इथे कुठल्याही बाईला अक्का म्हणतात. त्यामुळे तो टोमणा होता की मान, हे मला अजून कळलेलं नाही.

*

मी पहिलं स्कॅन लावलं. म्हणजे प्रोग्रॅम नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला हाक मारतो आणि ओ देणाऱ्यांची यादी करतो. यादी आली: इडली, वडा, केसरीभात, खाराभात, सेट डोसा.

अण्णांनी स्विचना, म्हणजे केबली जोडायच्या डब्यांना, नाश्त्याची नावं दिली होती. शिक्षकांच्या लक्षात नंबर राहत नाहीत, खाणं राहतं, हे त्यांचं तत्त्व. नव्या प्रिन्सिपल बाई पालकांशी बोलत असताना क्लार्क आत येऊन सांगून गेला, की वडा फार तापलाय, अण्णांनी पंखा लावायला सांगितलंय. बाईंनी ताबडतोब कॅन्टीनवाल्याला बोलावून घेतलं.

हे काही शास्त्रशुद्ध नाही म्हणून मी एका रविवारी सगळ्यांना नंबर दिले. सोमवारपासून तक्रारी अशा येऊ लागल्या: "ती पूर्वीची इडली आहे ना, ती बंद आहे." बुधवारी मी नावं परत दिली.

*

पुण्याला जायचं अण्णांच्या जिवावर आलं होतं. "तिथं माझं मराठी कोण ऐकून घेणार? मी बोलणार, ते दुरुस्त करणार."

म्हणून त्यांनी माझ्याकडे शिकवणी लावली. 'स्वल्प थांब' नाही, 'जरा थांब'. रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. नॉर्वेत दोन हिवाळे मला मराठी बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे तो अर्धा तास कधी संपू नये असं वाटायचं. आठव्या दिवशी अण्णांनी शिकवणी बंद केली. ते होते तसेच बोलत होते, आणि मी स्वल्प म्हणायला लागले होते.

*

मार्चमध्ये बिघाड वाढले. रोज अकराच्या सुमारास केमिस्ट्री लॅबचं नेटवर्क बंद पडायचं. अण्णा जायचे, दहा मिनिटांत चालू करून यायचे. तुम्ही गेल्यावर आमचं कसं होणार, असं लॅबच्या बाई रोज म्हणायच्या.

माझा नकाशा तोवर पूर्ण झाला होता, तोही अण्णांना काही न विचारता. मला त्याचा कोण अभिमान! मी आणखी एक फुकटचा प्रोग्रॅम लावून ठेवला. काय केव्हा बंद झालं आणि कुणी केलं, याची तो नोंद ठेवतो. तिसऱ्या दिवशी उत्तर मिळालं. लॅब बंद करायचा आदेश आमच्याच खोलीतून जात होता. अण्णांच्या टेबलावरून.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा काढून सावकाश पुसला.

"नकाशा छान केलास," ते म्हणाले. "पण एकदा तरी विचारशील असं वाटलं होतं."

त्या दुपारी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं. चार दिवस विचारत होते. कुठली केबल कुठल्या सुट्टीत टाकली, तेव्हा शिडी कुणी धरली होती, कुठल्या भिंतीत उंदीर निघाले. नकाशात यातलं काहीच नव्हतं.

*

पिंग हे आमच्या साधनांतलं सगळ्यात साधं. प्रत्येक कॉम्प्युटरवर असतं. एका यंत्रानं दुसऱ्याला विचारायचं, आहेस का? दुसऱ्यानं म्हणायचं, आहे. बस्स.

अण्णा पुण्याला राहायला गेल्यापासून शाळेच्या सर्व्हरवर रोज सकाळी पावणेनऊला, प्रार्थनेच्या वेळी, पुण्यातल्या एका पत्त्यावरून चार पिंग येतात. मी याबद्दल कुणाशी बोललेले नाही.

गेल्या शनिवारी अपडेटसाठी मी सर्व्हर साडेआठलाच बंद केला. आठ पन्नासला अण्णांचा फोन. पुण्याची हवा बरी आहे. डोसा मिळतो, पण जाड. जावई भला माणूस, फार प्रेमानं मराठी सुधारतो. तिकडे शाळेजवळ यशवंतपूरच्या बाजूचा रस्ता अजून खणलेलाच आहे का? हे सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाकी सगळं चालू आहे ना?"

"स्वल्प थांबा, अण्णा," मी म्हटलं आणि सर्व्हर चालू केला.

त्याला तीन मिनिटं लागतात. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. मग तिकडून कीबोर्डवर एक बटण दाबल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा एकदा.

"आलं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.