बिनआकड्याचं शीड

नंदाचा फोन आला तेव्हा मी आठवड्याची औषधं डबीच्या खणांत लावत होते. "बाई, कुसुमबाई गेल्या... पहाटे, झोपेतच," एवढंच ती म्हणाली. नंदा ही आमच्या शाळेची जुनी विद्यार्थिनी, कंग्राळीची, आता स्वतःच आजी झालेली. आणि कुसुम त्याच शाळेतली माझी मैत्रीण. मी इंग्रजी शिकवायची, ती शारीरिक शिक्षण. या गोष्टीला आता महिना होत आला. ईशान, तन्वी, हे मी तुम्हा दोघा नातवंडांसाठी लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीला देते आहे ते एवढ्यासाठी, की कुसुमला ओळखणारी माणसं बेळगावात आणि निपाणीत अजून पुष्कळ आहेत आणि त्यांनाही ते वाचायला आवडेल.

मागच्या दिवाळीत फोनच्या पडद्यावर तुम्ही दोघं भांडत होतात ते आठवतं का? ईशान पर्थहून सांगत होता की शिडाच्या फळीवर, तुमच्या त्या विंडसर्फिंगमध्ये, त्याचा वेग जास्त. तन्वी हॉलंडहून म्हणत होती, "तुझ्याकडे वारा जास्त आहे आणि तू माझ्या दीडपट आहेस, त्याचं काय?" मी हसले आणि तुम्ही दोघंही माझ्यावर रुसलात. पण हेच भांडण, याच शब्दांत, मी तुमचे वडील प्राथमिक शाळेत होते तेव्हा ऐकलेलं आहे. आणि ते मिटवलं कसं, तेही मी पाहिलं आहे. मिटवणारी कुसुम होती.

बेळगावच्या शहापुरातल्या विणकराच्या घरची ही मुलगी. घरात दिवसभर माग चालायचा, त्यामुळे ती मोठ्यानं बोलायची, आणि शाळेच्या मैदानावर तिला शिट्टीची गरज नसे. उंच, रुंद, भारदस्त. एसटीत ती बसली की शेजारचा माणूस आपोआप अर्धा वाटेत सरकायचा. मुली मागून तिला 'रणगाडा' म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. एकदा प्रार्थनेनंतर तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "रणगाडा म्हणा, पण रांगेत उभं राहून म्हणा." त्या दिवसापासून कुणी म्हणेनासं झालं.

शिडाच्या फळ्या आमच्याकडे आणल्या सावंतअण्णांनी. ते सांबऱ्याचे, मुंबईच्या गोदीत नोकरी करून निवृत्त झालेले. तिथं त्यांनी परदेशी खलाशांना फळीवर उभं राहून, हातात शीड धरून, समुद्रावर धावताना पाहिलं होतं. गावी आल्यावर त्यांनी सुताराकडून एक साचा करवून घेतला आणि त्यातून एकसारख्या फळ्या काढल्या. काही बेळगुंदीच्या वाटेवरच्या तलावावर ठेवल्या, काही निपाणीच्या मंडळींना दिल्या. शिडं शिवली कुसुमच्या भावानं, आप्पांनी. नायलॉनचं कापड सहज फाटू नये म्हणून ते कडेला साडीचा उरलेला काठ लावायचे. पश्चिमेच्या वाऱ्यात लाल-पिवळ्या काठाची ती शिडं उभी राहिली की तलावावर कुणी साड्या वाळत घातल्यात असं वाटे. प्रत्येक शिडावर काळ्या कापडाचा मोठा आकडा शिवलेला असायचा. कुसुमचा तीन.

पस्तिशीतली बाई, ट्रॅकपँट आणि पुऱ्या बाह्यांचा शर्ट घालून पाण्यावर... गल्लीत बोललं गेलंच. कुसुमनं ते कानावर घेतलं नाही. तिला टोचत होतं ते वेगळंच. मंद वाऱ्यात तिची फळी जडपणे सरकायची आणि नंदासारखी काडी पोरगी, तेव्हा कॉलेजात जाणारी, तिच्या अंगावरून भुर्रकन जायची. अजित हा निपाणीच्या तंबाखूवाल्यांचा मुलगा, मनानं चांगला. तो एकदा म्हणाला, "आक्का, तुम्हाला आम्ही जरा पुढनं सोडतो की."

"का रं? मी म्हातारी झाले व्हय?"

"तसं न्हाय, पण तुमचं वजन..."

"वजन हाय तर वजनाचा नियम कर. तुझी माया नको मला."

नियम तिनंच केला. शाळेचं स्टॉपवॉच घेऊन मी काठावर बसायची; रंगवलेल्या दोन पिंपांमधलं अंतर कोण किती वेळात कापतं ते मी नोंदवायची. अनेक रविवार असे गेल्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसली. वारा मंद असला की जड माणूस मागे पडतो. पण वारा जोराचा असला की तोच जड माणूस मोठं शीड पेलू शकतो, आणि हलक्या माणसाला वारा उचलून पाण्यात फेकतो. म्हणजे जडाला कायमची सूट देणं हा अन्यायच. म्हणून तिनं काठावर बांबूला कापडाची पट्टी बांधली. पट्टी लोंबती असेल तर जड माणसाच्या वेळातून वजनाप्रमाणे थोडं कमी करायचं, आणि पट्टी ताठ असेल तर थोडं वाढवायचं. मी तिला म्हटलं, "अगं, जोराच्या वाऱ्यात तू एरवी जिंकशील. हा नियम तुझ्याच विरुद्ध जातो."

"जाऊ दे की," ती म्हणाली. "पण मग जिंकले तर कुणी बोलायचं न्हाय. एकदा तरी मला तसं जिंकायचं हाय गं मालती."

हे ती एकदाच म्हणाली. पण तेव्हापासून मला माहीत होतं की तिला नेमकं काय हवं आहे.

गौरी-गणपती झाल्यावर निपाणीकडच्या माळावरच्या मोठ्या तलावावर शर्यत ठरली. आम्ही फळ्या टेंपोत घालून गेलो. त्या दिवशी पट्टी ताठ होती, नुसती ताठ नव्हे, फडफडत होती. कुसुमनं असं शीड धरलं होतं की मी काठावर उभी राहून स्टॉपवॉच दाबायलाच विसरते की काय असं मला वाटलं. विसरले नाही. नंदा दोनदा पडली, तरी जिद्दीनं आली. नियमाप्रमाणे आता वजनं व्हायची होती. माणूस उभा राहील असा काटा जवळपास एकाच ठिकाणी होता, अजितच्या वडिलांच्या तंबाखूच्या वखारीत. नंदाला घरी लवकर परतायचं होतं, म्हणून ती कोरडे कपडे घालून आली. बाकीचे सगळे पाण्यातून तसेच, निथळत. तोलाईदार मारुतीअण्णा तंबाखूच्या बोदांची, म्हणजे गाठोड्यांची, वजनं जशी ओरडून सांगायचे तशीच माणसांची सांगू लागले. बायकांचं वजन असं चारचौघांत ओरडून सांगायचं म्हटल्यावर सगळ्या जरा मागे सरल्या. कुसुम सर्वांच्या पुढे गेली आणि काट्यावर चढली.

"एकोणऐंशी!"

"ऐकलंस व्हय?" ती मला म्हणाली. "सायकल मारल्याचा गुण हाय."

हिशेब केला. कुसुम पहिली आली, नंदा अगदी थोडक्यात दुसरी. बक्षीस होतं पितळी तांब्या, अजितच्या वडिलांनी दिलेला. शहापुरात त्या संध्याकाळी मागांचा आवाज थांबला. आप्पांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि ज्या बायकांनी ट्रॅकपँटवरून तोंडं वाकडी केली होती त्यांनीच तिला ओवाळलं. तांब्या देवघरात गेला.

त्याच आठवड्यात शाळेत मुलींची वजनं-उंची घ्यायचं काम निघालं. कुसुमची एक शिस्त होती. मुली येण्याआधी काट्यावर पाच किलोचं वजन ठेवायचं, काटा खरा आहे ना ते बघायचं, मग स्वतः चढायचं. त्या दिवशी ती चढली आणि तशीच उभी राहिली.

"मालती, इकडं ये. किती दिसतंय?"

"पंच्याऐंशी."

"चार दिवसांत सहा किलो? पेढे खाल्ले, पण एवढे न्हाय गं."

तिनं पाच किलोचं वजन पुन्हा ठेवून पाहिलं. काटा खरा होता.  शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी निपाणीच्या एसटीत बसलो. वखारीत मारुतीअण्णा बोदांवर शिक्के मारत होते. कुसुमनं सरळ विचारलं, "अण्णा, त्या दिशी माझं वजन काट्यावर किती दिसलतं?"

"दिसलतं शहाऐंशीच्या आसपास."

"मग एकोणऐंशी कसं ओरडलासा?"

मारुतीअण्णांना प्रश्नच कळला नाही. "बाई, माल ओला व्हता की! ओलीची घट धराय लागती का न्हाय?"

वखारीतली ही रोजची रीत. ओला तंबाखू आला की पाण्याचं वजन अंदाजानं वजा करूनच आकडा सांगायचा. त्यांनी सगळ्या ओल्या माणसांची तशीच घट धरली होती. कोरडी एकटी नंदा होती. तिचं वजन पुरतं धरलं गेलं. म्हणजे बाकीचे सगळे कागदावर हलके झाले होते आणि खरोखर हलकी असलेली नंदाच त्यामानानं जड ठरली होती, आणि जोराच्या वाऱ्यात भर जडाच्याच वेळात पडायची.

"व्हय, पण अण्णा, मी तंबाखू न्हाय!" कुसुम म्हणाली, आणि वखारीतली सगळी माणसं हसली. मारुतीअण्णाही. ती स्वतःही हसली. पण परतीच्या एसटीत संकेश्वर मागे गेलं, हत्तरगी मागे गेली, तरी ती खिडकीबाहेरच बघत होती... मी मनातल्या मनात हिशेब पुन्हा केला. तिनंही केला असणार. पहिली नंदा होती.

मी म्हटलं, "हे फक्त आपल्याला माहीत आहे."

"व्हय. म्हणून तर आपणच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलच्या कॅरियरला तांब्या बांधून ती कंग्राळीला निघाली. मी माझ्या सायकलवरून मागे. नंदा अंगणात शेंगा वाळवत होती. सगळं ऐकून तिचे डोळे भरले. "बाई, तुम्हीच ठेवा. तुमच्या गल्लीनं पेढे वाटलेत. मी कुणाला सांगत न्हाय."

कुसुम एकदम ताठ झाली. "तू मला सूट देतीस व्हय गं? सूट नियमानं घ्यायची असते, मायेनं न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन् एक सांगते. पडून उठून तू जशी आलीस ना, ते मला जमलं नसतं." तांब्या तिनं नंदाच्या आईच्या हातात दिला. शहापुरात परत आल्यावर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं की पहिली नंदा आहे आणि पेढे तिच्या नावाचे समजा. कुणी तोंड वाकडं केलं नाही.

त्यानंतरच्या वर्षापासून दर वेळी फळ्या टेंपोत घालून नेणं जमेना. प्रत्येकानं आपल्या पाण्यावर धावायचं आणि सोमवारी फोनवर एकमेकांना आपापला वेळ कळवायचा असं ठरलं. आणि मग तुमचंच भांडण सुरू झालं. निपाणीचा तलाव उघड्या माळावर, आमच्याभोवती झाडं. बेळगावकर म्हणत, तुमचा वारा पळतो, तुम्ही न्हाय. निपाणीकर म्हणत, तुमच्याकडं लाटा न्हाईत, ते कोण मोजणार? पट्टी दोन्हीकडे ताठ दिसे, पण दोन्हींचं ताठ असणं सारखं नव्हतं. एका बैठकीत आवाज फारच चढले तेव्हा कुसुम उठली.

"दोन्हीकडं एकच माणूस पळू दे. तेच शीड, तेच वजन. त्याला तिथं किती वेळ लागला, इथं किती लागला, त्यावरनं पाण्याचा फरक कळंल. बाकीच्यांनी शर्यतीच्या त्या एका तासात त्याच्यापेक्षा किती भारी पळालं तेवढंच बघायचं."

"पण असा माणूस कोण?" अजितनं विचारलं.

"मी. माझं वजन समद्या निपाणीला पाठ हाय."

खोलीत हशा पिकला. मी मात्र हसले नाही. "कुसुम, तू माप झालीस तर तुला स्पर्धेत उतरता यायचं नाही."

"फूटपट्टी कुठं शर्यतीत पळती गं?" ती म्हणाली. आणि त्याच रविवारी तिनं आप्पांकडून शिडावरचा तीनचा आकडा उसवून घेतला.

मग वर्षानुवर्षं, वाऱ्याच्या दिवसांत, एका रविवारी ती बेळगुंदीच्या वाटेवर असायची आणि पुढच्या रविवारी गुंडाळलेलं शीड खांद्यावर घेऊन निपाणीच्या एसटीत. तास सुरू होताना एकदा धावायची, संपताना एकदा, कारण वारा तासाभरात बदलतो. दोन्ही वेळा जीव तोडून. मी तिला एकदा म्हटलं, माप म्हणून धावतेस तर एवढी धाप कशाला? तर म्हणाली, माप ढिलं पडलं की समद्यांचं खोटं. तिच्यामुळे नंदा जिंकली, अजित जिंकला, सावंतअण्णा साठी उलटल्यावर एकदा जिंकले. भांडणं पुढेही झाली, पण ती वाऱ्यावरून किंवा वजनावरून झाली नाहीत. कुसुम स्वतः एकदाही जिंकली नाही आणि त्याबद्दल कधी बोललीही नाही. मला वाटतं तिला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं. जिंकून जे शाबीत करायचं होतं ते, म्हणजे या पाण्यावर आपण दयेनं उभ्या नाही.

तेव्हा ईशान, तन्वी, फोनमधला वेग एकमेकांना दाखवून काही होणार नाही. कुणी एक माणूस शोधा, जो दोघांच्याही पाण्यावर धावेल. तसा माणूस मिळणं अवघड आहे, हे मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते.

मी तिला शेवटची भेटले तेव्हा आजारानं ती निम्मी झाली होती. माझ्या चेहऱ्यावरचं बघून हसून म्हणाली, "काय बघतीस? माप बिघडलं गं मालती."

शाळेनं जुना काटा काढून टाकला तेव्हा तो तिनं घरी आणला होता. तो अजून शहापुरातल्या तिच्या खोलीत दाराशी आहे, वर भिंतीला ते बिनआकड्याचं शीड. आकड्याच्या जागी टाक्यांची भोकं तेवढी दिसतात. येईल त्याला ती आधी काट्यावर उभं करायची, वजन ओरडून सांगायची आणि मगच चहा. तिचे दिवस झाल्यावर मी आणि नंदा त्या खोलीत गेलो. आप्पांच्या सुनेनं विचारलं, "चहा ठेवू?" आम्ही दोघींनी आधी काट्याकडे बघितलं. मग नंदानं कोपऱ्यातलं पाच किलोचं वजन उचलून काट्यावर ठेवलं. काटा पाचावर येऊन थांबला. आधी ती चढली, मग मी. आमची वजनं आम्ही मोठ्यानं सांगितली... बाहेरच्या मागावरही ऐकू जातील अशी. मग चहा झाला.